अग्नीतले अक्षर

भाषांतरात काय हरवते, हा प्रश्न मराठीच्या वर्गात विचारण्याची एक ठरावीक पद्धत आहे. अध्यापक फळ्यावर मूळ कवितेची ओळ लिहितो, तिच्याखाली अनुवादित ओळ लिहितो आणि दोन ओळींमधील फटीकडे बोट दाखवतो. आम्ही दोघे पती-पत्नी गेली अठरा-वीस वर्षे, दोन वेगवेगळ्या महाविद्यालयांत, हेच करत आलो आहोत. उदाहरणे अर्थातच प्रतिष्ठित घ्यायची असतात. प्रस्तुत लेखात ज्या उदाहरणाविषयी लिहायचे आहे, ते मात्र कोणत्याही अभ्यासमंडळाने नेमलेले नाही. ते लहान मुलांच्या एका खेळातील आहे. त्याचा विचार करता करता आम्हांला आमच्या घरातील एका मृत्यूपाशी यावे लागले, म्हणून ते लिहिणे आवश्यक वाटते.

खेळ पोकेमॉनचा. गेम फ्रीक या जपानी संस्थेने तयार केलेले या मालिकेतील पहिले दोन खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानमध्ये निन्टेंडोच्या गेम बॉय या हातात धरायच्या यंत्रासाठी प्रसिद्ध झाले. रानावनांत, गुहांत, समुद्रात राहणारे चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना वाढवायचे आणि इतरांच्या प्राण्यांशी झुंजवायचे, असे त्याचे स्वरूप. प्रत्येक प्राण्याला एका वेळी चार डाव येऊ शकतात; पाचवा शिकवायचा तर आधीच्या चारांपैकी एक विसरायला लावावा लागतो. डावांना जाती आहेत : जलाचे, वनस्पतीचे, विजेचे, अग्नीचे. अग्नी वनस्पतीला व बर्फाला भारी. पाण्यापुढे आणि खडकापुढे दुबळा. पंचमहाभूतांची ही मांडणी आमच्या पिढीला अपरिचित वाटण्याचे कारण नाही.

अग्नीच्या डावांपैकी दोन डावांची तुलना येथे करावी लागेल. पहिला ‘फ्लेमथ्रोअर’ म्हणजे ज्वाळांचा सरळ फवारा. दुसरा ‘फायर ब्लास्ट’. आमच्या मुलाकडे होता तो ‘फायररेड’ हा २००४ सालचा खेळ, म्हणजे १९९६ च्या खेळाचीच नवी आवृत्ती. त्यात फ्लेमथ्रोअरची ताकद ९५. तो स्वतःहून कधी नेम चुकत नाही आणि १५ वेळा वापरता येतो. फायर ब्लास्टची ताकद १२०. पण तो शंभरात ८५ वेळाच लागतो आणि पाचच वेळा वापरता येतो. त्यानंतर उपचारकेंद्रात जाऊन प्राण्याला विश्रांती दिली की तो पुन्हा हाताशी येतो. गणित केले तर फायर ब्लास्टचे सरासरी मोल १०२ भरते, म्हणजे फवाऱ्याहून थोडेसेच अधिक. शिवाय दहात एकदा तो समोरच्याला भाजतो. भाजलेल्या प्राण्याची शक्ती फेरीगणिक झिजते आणि त्याचे अंगबळ निम्म्यावर येते. २०१३ साली आलेल्या खेळांपासून या डावाची ताकद ११० केली गेली. पण त्याचा स्वभाव बदलला नाही. फवारा हा रोजच्या चुलीसारखा भरवशाचा अग्नी. फायर ब्लास्ट हा क्वचित आणि विचार करून वापरायचा, आणि तरीही फसू शकणारा.

हा डाव मिळतो तोही परीक्षा देऊन. सिनबार नावाच्या ज्वालामुखीच्या बेटावर ब्लेन नावाचा टक्कल पडलेला, प्रश्न विचारण्याची हौस असलेला एक वस्ताद राहतो. (सिनबार म्हणजे आपला हिंगूळ, जपानी खेळात या बेटाचे नाव गुरेन, म्हणजे लालभडक, ज्वाळेच्या रंगाचे.) त्याच्या आखाड्यात एकामागून एक दारे आहेत आणि प्रश्नाचे बरोबर उत्तर दिले तरच दार उघडते; चुकले तर लढावे लागते. पेशामुळे आम्हांला हा वस्ताद आवडला, हे मान्य केले पाहिजे. त्याला हरवले की तो ३८ क्रमांकाची एक तबकडी देतो, आणि त्या तबकडीने कोणत्याही एका पात्र प्राण्याला फायर ब्लास्ट शिकवता येतो. त्या आवृत्तीत तबकडी एकदाच चालते. कुणाला शिकवायचे ते आयुष्यात एकदा ठरवायचे, आणि ठरले की ठरले.

हे सगळे आम्हांला कळले ते मुलाच्या आजीमुळे. म्हणजे आमच्यापैकी एकाच्या आई आणि दुसरीच्या सासूबाई यांच्यामुळे. एका नातलगाने परदेशातून आणलेले ते जुने यंत्र घेऊन मुलगा दुपारी त्यांच्या खाटेवर बसत असे, आणि त्या चष्मा पुसून त्या इवल्याशा पडद्याकडे पाहत. चारिझार्ड नावाच्या, पंख असलेल्या नारिंगी प्राण्याला त्या ‘तुझा सरडा’ म्हणत. त्याच्या शेपटीच्या टोकाला ज्योत असते. तो लहान असतो तेव्हा त्याचे नाव चारमँडर. खेळातील माहितीप्रमाणे जन्मापासून त्याच्या शेपटीवर ही ज्योत जळते, आणि ती विझली की त्याचे आयुष्य संपते. हे ऐकून त्या म्हणाल्या होत्या, “मग यात नवल काय? माणसाचंही तसंच असतं. पेपरात येतं ना, प्राणज्योत मालवली म्हणून!” एखादा डाव वापरून संपला की त्या विचारत, “काय रे, काडेपेटी संपली वाटतं?” ३८ क्रमांकाची तबकडी मुलाने बरेच दिवस पिशवीत तशीच ठेवली होती. एकदाच वापरता येणारी वस्तू कधीच वापरायची नाही, हा लहान मुलांचा आणि म्हाताऱ्या माणसांचा समान स्वभाव असावा. आजींच्या कपाटातही घडी न मोडलेल्या दोन पैठण्या होत्या.

आता नावाकडे वळू. मूळ जपानी खेळात फायर ब्लास्टचे नाव आहे ‘दाइमोंजी’. ‘दाइ’ म्हणजे मोठा; ‘मोंजी’ म्हणजे अक्षर. दाइमोंजी म्हणजे ‘दाइ’ हे अक्षर. हे चित्राक्षर तीन रेघांचे आहे : एक आडवी रेघ, आणि तिच्या मध्यापासून खाली फाकत जाणाऱ्या दोन तिरक्या रेघा, ज्यांतील एकीचे टोक आडव्या रेघेच्याही वर येते. हात पसरून आणि पाय फाकवून उभ्या असलेल्या माणसाच्या आकृतीपासून ते घडले. हातपाय ताणून झोपलेल्या माणसाला जपानीत ‘दाइ अक्षरासारखा पडला आहे’ असे म्हणतात. मोठेपणाची कल्पना अशी माणसाच्या शरीरावरून काढलेली आहे.

परंतु जपानी माणसाला ‘दाइमोंजी’ म्हटल्यावर शब्दकोश आठवत नाही, क्योतो शहर आठवते. दरवर्षी १६ ऑगस्टच्या रात्री क्योतोभोवतीच्या पाच डोंगरांवर प्रचंड अग्निचिन्हे पेटवली जातात. रात्री ८ वाजता शहराच्या पूर्वेच्या डोंगरावर पहिले पेटते ते ‘दाइ’ हे अक्षर. त्याची आडवी रेघ ८० मीटरची, एक तिरकी रेघ १६० मीटरची आणि दुसरी १२० मीटरची. एकूण ७५ ठिकाणी सरणासारखी रचलेली लाकडे. त्यानंतर थोड्याथोड्या मिनिटांनी इतर डोंगरांवर आणखी अक्षरे, एक नाव आणि एक तोरणासारखे देवद्वार पेटते. हा उत्सव नव्हे. ऑगस्टच्या मध्यास ओबोन नावाच्या दिवसांत पूर्वजांचे आत्मे घरी येतात, अशी श्रद्धा आहे; ते परत जाऊ लागले म्हणजे त्यांना वाट दिसावी म्हणून हा अग्नी. त्याला ‘ओकुरिबी’, म्हणजे पोचवायला जाणारा अग्नी, असे म्हणतात. बाहेरचे लोक त्याला कधीकधी ‘दाइमोंजी-याकी’ म्हणतात. ‘याकी’ म्हणजे भाजणे, जाळणे. क्योतोच्या जुन्या रहिवाशांना हे नाव मुळीच खपत नाही. आपण काही जाळत नाही, आपण पोचवतो, असा त्यांचा आग्रह असतो. लोक लाकडाच्या पट्ट्यांवर आपल्या मृतांची नावे लिहून देतात आणि रात्री ती लाकडे त्या अक्षरात जळतात. प्याल्यातील मद्यात किंवा पाण्यात त्या अक्षराचे प्रतिबिंब घेऊन ते प्यायले तर वर्षभर आजार येत नाही, असेही मानतात. दुसऱ्या दिवशी डोंगरावरचा कोळसा आणून, कागदात गुंडाळून दाराशी टांगतात.

आपल्याकडे भाद्रपदात पितृपक्ष आहे. परंतु त्यात पितरांना अन्न आणि पाणी देण्यावर भर, अग्नीने पोचवण्यावर नाही. म्हणून हा प्रकार आम्हांला ओळखीचा वाटला आणि वेगळाही.

खेळात या नावाचे काय केले आहे ते पाहण्यासारखे आहे. पहिल्या खेळांतील सगळा मजकूर कानाक्षरांत, म्हणजे उच्चार दाखवणाऱ्या सोप्या लिपीत होता. चित्राक्षरांची सोय त्या लहान पडद्यावर केलेली नव्हती. या मालिकेत ती वाचकाच्या निवडीप्रमाणे मिळू लागली २०१० साली. त्यामुळे डावाच्या यादीत ‘दाइमोंजी’ हा केवळ उच्चार दिसे. पण डाव टाकला की ज्वाळा समोरच्या प्राण्यावर जाऊन पाच दिशांना पसरत आणि त्यांचे ‘दाइ’ हे अक्षर होई. म्हणजे जे अक्षर नावात लिहिता येत नव्हते, ते आगीत लिहिले जाई. जपानी मुलाने नाव कानाने वाचायचे आणि अक्षर डोळ्यांनी जळताना पाहायचे.

१९९८ साली हे खेळ इंग्रजीत आले तेव्हा भाषांतरकारांपुढे दोन अडचणी होत्या. एक, डावाच्या नावाला बारा अक्षरांहून अधिक जागा नव्हती. ‘थंडरपंच’सारखी नावे मधली मोकळी जागा गाळून जोडून लिहिली गेली ती यामुळेच. दोन, अमेरिकेतील मुलाला क्योतोचा डोंगर कुठला माहीत असणार? त्यांनी नाव दिले फायर ब्लास्ट, आगीचा स्फोट. जर्मनांनी ‘फॉयरश्टुर्म’ म्हणजे आगीचे वादळ म्हटले. फ्रेंचांनी ‘देफ्लाग्रासियाँ’ म्हणजे भडका. स्पॅनिशांनी ‘यामारादा’ म्हणजे उसळलेली ज्वाळा. सगळ्यांनी ताकद नेली, अक्षर मागे ठेवले. पुढे २०१६ साली खेळ चिनीत आला तेव्हा मात्र नावात ‘दाइ’चे ते चित्राक्षर सहज परत आले, कारण ती लिपी मूळची त्यांचीच. पण त्यांच्याकडे क्योतोची रात्र नव्हती. अक्षर आले, निरोप आला नाही.

तरीही एक गोष्ट कोणत्याही भाषेत बदलली गेली नाही : चित्र. इंग्रजी खेळातही ज्वाळा तशाच पाच टोकांनी पसरतात. ज्यांना अक्षर वाचता येत नाही त्यांना ती चांदणी वाटते, किंवा हातपाय पसरलेला माणूस. आमच्या मुलालाही तो माणूसच वाटत असे. “आगीचा माणूस,” तो आजीला सांगायचा. त्याने अक्षर वाचले नव्हते. पण अक्षराच्या मुळाशी जे होते ते त्याने बरोबर पाहिले होते. शब्द गळून पडला तरी आकृती वाट पाहत राहते, आणि कुणीतरी एक दिवस विचारते की ही आग अशीच का पसरते. आमच्या मुलाने २०२२ साली विचारले, शोधले, आणि जेवताना आम्हांला हे जपानी नाव सांगितले. पूर्वजांना पोचवण्याचा अग्नी हे शब्द त्याने अगदी सहज उच्चारले. आम्ही दोघे काही वेळ बोललो नाही. त्याचे कारण त्याच्या आधीच्या वर्षात आहे.

एप्रिल २०२१ मध्ये आजी गेल्या. त्या वेळचे दिवस वाचकांना सांगायला नकोत. त्यांना दवाखान्यात नेले तेव्हा त्या स्वतःच्या पायांनी गाडीत बसल्या होत्या. नवव्या दिवशी फोन आला. घरातील एकालाच स्मशानाच्या फाटकापर्यंत जाण्याची परवानगी होती. चेहरा पाहता आला नाही. आपादमस्तक पांढरे पोशाख घातलेल्या नगरपालिकेच्या माणसांनी अग्नी दिला. ती माणसे दिवसातून कितीदा हे काम करत होती ते फाटकाबाहेर उभ्या असलेल्या गाड्यांवरून कळत होते, आणि त्यांच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञतेखेरीज काही नाही. आमच्यापैकी एक फाटकाशी आणि एक मुलासह घरात बंद. धूर कुठल्या सरणाचा ते ओळखणे शक्य नव्हते.

२०२३ साली भाषांतराच्या एका तासाला आमच्यापैकी एकाने वर्गापुढे हाच डाव ठेवला. जपानी नाव सांगितले, क्योतोचे वर्णन केले, यंत्रावरील चित्र फळ्यावर काढले आणि म्हटले, याला मराठी नाव द्या. मुलांचा उत्साह अपेक्षेबाहेर होता, कारण निम्म्या वर्गाने बालपणी हा खेळ किंवा त्यावरची मालिका पाहिलेली होती. कार्टून नेटवर्कवर ती २००३ पासून आपल्याकडे लागत असे. अग्निस्फोट, महाज्वाळ, वणवा अशी नावे आली. ‘आगडोंब’ सर्वांना आवडले. उच्चारताच तोंड भरते आणि बारा अक्षरांतही बसते. एकाने ‘होळी’ सुचवली. तिच्यात आग आणि समूह आहे, पण मृतांचा निरोप नाही, असे दुसऱ्याने लगेच दाखवून दिले. मग मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, भडाग्नी चालेल का?”

वर्ग शांत झाला. आजच्या मुलांना हा शब्द माहीत असेल असे वाटले नव्हते. पण २०२१ नंतर खेड्यापाड्यांतील मुलांना तो नव्याने माहीत झाला होता. तिच्या घरीही त्या वर्षी कुणीतरी गेले होते.

मराठीत प्रेताला अग्नी देण्याचे दोन शब्द आहेत. विधिपूर्वक, मंत्रांसह दिला तर मंत्राग्नी. मंत्रावाचून, तसाच दिला तर भडाग्नी. लाकूड तेच, ज्वाळा तीच, राख तीच. फरक एवढाच की एका अग्नीबरोबर अक्षरे असतात आणि दुसऱ्याबरोबर नसतात. आमच्यापैकी दोघांनाही कर्मकांडाचा विशेष ओढा नाही. घरात पूजा होते ती सवयीने. तरीही आजींना भडाग्नी मिळाला हे दोन वर्षे मनात कुठेतरी रुतून होते, आणि त्याचे आम्हांला स्वतःशीच स्पष्टीकरण देता येत नव्हते. मंत्रांनी मृताचे काय होते यावर आमचा विश्वास नाही. मग त्यांच्या नसण्याने आम्ही का अस्वस्थ व्हावे?

त्या तासानंतर घरी बोलताना याचे उत्तर हळूहळू आकाराला आले. आग ही मुळात निव्वळ ताकद आहे. ती समोर आलेले सगळे सारखेच जाळते. तिला आजी आणि गवत यांतील भेद कळत नाही. माणसाला तिच्यापुढे करता येण्याजोगी एकच गोष्ट म्हणजे तिला आकार देणे : तिच्यात एक अक्षर लिहिणे, तिच्याबरोबर चार शब्द म्हणणे, तिच्यात नाव लिहिलेले लाकूड टाकणे. अक्षर आले की जाळणे संपते आणि पोचवणे सुरू होते. क्योतोचे लोक ‘याकी’ या शब्दावर रागावतात ते याचसाठी. दाइमोंजीतून अक्षर काढून घेतले की उरतो फायर ब्लास्ट. मंत्राग्नीतून मंत्र काढून घेतले की उरतो भडाग्नी. भाषांतरकारांनी जागेअभावी एका डावाचे जे केले, तेच त्या एप्रिलमध्ये परिस्थितीने आमच्या घरातील अग्नीचे केले होते. अस्वस्थता आत्म्याच्या गतीविषयी नव्हती; आमच्या माणसाला लागलेल्या आगीत आमचे एकही अक्षर नव्हते, याविषयी होती.

या विचाराने क्योतोकडे पुन्हा पाहिले तेव्हा लक्षात आले की त्या शहरावरही अशा वेळा आल्या आहेत. युद्धकाळात १९४३ पासून तीन वर्षे डोंगरांवर आग पेटवता आली नाही. १९४३ च्या १६ ऑगस्टला सकाळी शाळकरी मुले आणि नागरिक पांढरे कपडे घालून डोंगरावर चढले आणि त्या रेघांवर उभे राहिले. जे अक्षर माणसाच्या आकृतीपासून निघाले होते ते माणसांनीच लिहिले. २०११ साली, त्सुनामीनंतर, ईशान्य किनाऱ्यावरील रिकुझेनताकाता गावात कोसळलेल्या पाइनच्या झाडांच्या लाकडावर वाचलेल्यांनी आपल्या मृतांसाठी मजकूर लिहिला आणि ते क्योतोच्या अग्नीत जाळायचे ठरले. किरणोत्साराच्या भीतीने तक्रारी आल्या, बेत रद्द झाला. मग रद्द केल्याबद्दल टीका झाली, त्याच झाडांचे दुसरे लाकूड मागवले गेले, तपासणीत त्यात सीझियम सापडले आणि बेत पुन्हा रद्द झाला. आपल्या मृताचे नाव कुणीतरी भीतीपोटी परत पाठवावे, याचा अर्थ २०२१ नंतर आम्हांला जास्त कळतो. त्या भीतीला वाईट म्हणायलाही जीभ रेटत नाही.

आणि २०२०. साथीमुळे गर्दी होऊ नये म्हणून त्या वर्षी ७५ ऐवजी फक्त ६ ठिकाणी लाकडे पेटवली गेली : अक्षराची पाच टोके आणि मध्य. दूरवरून अंधारात सहा ठिपके. रेघा नव्हत्याच, त्या पाहणाऱ्याने आपल्या मनातून ओढायच्या. पुढच्याही वर्षी तसेच झाले. संपूर्ण अक्षर पुन्हा पेटले २०२२ साली. म्हणजे आमच्या फाटकाबाहेरच्या त्या एप्रिलच्या मागेपुढे दोन्ही ऑगस्टांत क्योतोतील माणसेही सहा ठिपक्यांवर भागवत होती. एखादे अक्षर पूर्ण लिहिता येत नाही तेव्हा त्याची टोके तरी सोडू नयेत, हे त्यांनी किती साधेपणाने दाखवले!

आमच्या घरातही कुणीतरी टोके धरून ठेवली होती, हे आम्हांला उशिरा समजले. मे २०२१ मध्ये, घरातील विलगीकरण संपण्याच्या सुमारास, मुलाने ती ३८ क्रमांकाची तबकडी पिशवीतून काढून ‘सरड्या’ला फायर ब्लास्ट शिकवला होता. त्यासाठी त्या प्राण्याला एक जुना डाव विसरावा लागला. नंतर लॅव्हेंडर नावाच्या गावी जाऊन त्याने त्याचे नाव बदलले. त्या गावात मृत पोकेमॉनचा मनोरा आहे, आणि प्राण्यांची नावे बदलून देणारा एक म्हाताराही राहतो. नवे नाव रोमन लिपीतील चार अक्षरांचे : आजी. तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. दाइमोंजीचा अर्थ त्याला माहीत नव्हता, क्योतो माहीत नव्हते. नातेवाइकांना हे कळले असते तर सरड्याला आजीचे नाव दिले म्हणून कुणी रागावलेही असते. आम्हांला मात्र वाटले की त्या संपूर्ण महिन्यात आमच्या घरात अग्नीबरोबर लिहिली गेलेली तेवढीच चार अक्षरे.

हा लेख लिहिण्यापूर्वी आम्ही तो मुलाला वाचायला दिला. आता तो स्वतः महाविद्यालयात आहे आणि अर्थातच विज्ञानशाखेत. त्याचा आक्षेप येथे नोंदवणे न्यायाचे होईल. तो म्हणाला, “आई, बाबा, तुम्ही दोघं प्रत्येक गोष्टीत अर्थ शोधता. तो शेवटी हल्ला आहे. समोरच्याला पाडायला वापरतात. क्योतोमध्ये कोण कुणाला पाडतंय?” हा आक्षेप टाळता येण्यासारखा नाही. निरोपाच्या पवित्र अग्नीला मुलांच्या मारामारीतील एक डाव करणे ही त्या अग्नीची अवहेलना आहे, असे एखादा क्योतोवासी म्हणू शकेल; आणि जिथे दोन प्राणी झुंजतात तिथे मृतांविषयीचे चिंतन चिकटवणे ही मराठीच्या प्राध्यापकांची खोड आहे, असे आमचा मुलगा म्हणतोच आहे.

आमचे म्हणणे एवढेच की भाषा पवित्र वस्तू जपून ठेवते ती नेहमी देव्हाऱ्यातच असे नाही. ती त्या लहान मुलांच्या खिशातही ठेवते. आट्यापाट्यांच्या, सागरगोट्यांच्या, भोंडल्याच्या शब्दांत अशा कितीतरी वस्तू आपल्यापर्यंत आल्या आहेत, ज्यांचा अर्थ खेळणाऱ्याला खेळताना माहीत नसतो. जपानी मुलांच्या कित्येक पिढ्यांना तो डोंगर आजोबांनी दाखवला असेल. आमच्या मुलाला तो एका डावाने दाखवला. अर्थ वाहून नेणाऱ्याला अर्थ कळलाच पाहिजे अशी अट असती, तर निम्मी परंपरा वाटेतच संपली असती.

त्या तासाच्या शेवटी वर्गाने मत दिले. ‘आगडोंब’ला सर्वाधिक हात वर झाले. ज्या मुलीने ‘भडाग्नी’ सुचवले होते तिने स्वतःचे नाव मागे घेतले. तिचे म्हणणे होते की शब्द अचूक आहे, पण लहान मुलांच्या हातात तो देऊ नये; शिवाय त्यात जे नाही तेच तर त्या डोंगरावर आहे. तिने ‘दाइमोंजी’ हेच देवनागरीत लिहावे असा आग्रह धरला. कुणी विचारले, “मग समजणार कसं?” ती म्हणाली, “चित्र आहे ना. ज्याला समजून घ्यायचं आहे तो विचारेल.”

परीक्षेच्या दृष्टीने हे उत्तर अपुरे आहे. भाषांतराने वाचकाची सोय करावी, असे आम्हीच शिकवतो. तरीही तिला पूर्ण गुण द्यावेत यावर घरी आमचे एकमत झाले.